एलएल.एम.च्या विद्यार्थ्याला संशोधन करायला शिकवा : विधी अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
विधी अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे

सविनय नमस्कार.

मी एका विधी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. एलएल.एम.चे, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे, विद्यार्थी डेझर्टेशनच्या (लघुप्रबंधाच्या) कामाला लागले की सगळ्यात आधी माझ्या टेबलाशी येतात. वर्गात ते काय शिकले हे परीक्षेच्या निकालात दिसते. काय शिकायचे राहून गेले, ते मला त्यांच्या पहिल्याच प्रश्नात दिसते. "मॅडम, माझा टॉपिक महिलांवरील अत्याचार आहे. मटेरियल कुठे मिळेल?" असे विचारणारी ही मुले हुशार आहेत. काही जण दिवसभर कोर्टात ज्युनियरशिप करून येतात, काही जणी नोकरी आणि घर सांभाळून शिकतात. त्यांनी रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर चांगल्या मार्कांनी सोडवलेला असतो. तो पेपर पास झालेल्या विद्यार्थ्याला एक निवाडा आजही लागू आहे की नाही हे तपासता येत नाही, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

पेपर नाही अशी तक्रार कुणी करू शकणार नाही. यूजीसीने २०१३ मध्ये एक वर्षाच्या एलएल.एम.साठी जो आराखडा दिला, त्यात संशोधन पद्धती आणि कायदेविषयक लेखन हा सक्तीचा विषय होता. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांतही तो आहेच. पण प्रश्नपत्रिका उघडून पाहा. संशोधनाची व्याख्या सांगून प्रकार स्पष्ट करा. चांगल्या हायपोथेसिसची (गृहीतकाची) वैशिष्ट्ये लिहा. सॅम्पलिंगचे प्रकार सांगा. डॉक्ट्रिनल (कायदे आणि निवाडे वाचून केलेले) आणि नॉन-डॉक्ट्रिनल (प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेले) संशोधनातील फरक लिहा. या चार प्रश्नांची उत्तरे गाईडमधून पाठ होतात आणि आठवड्याभरात विसरली जातात. केमिस्ट्रीच्या विद्यार्थ्याला प्रॅक्टिकल न करता, जर्नलवर सही न घेता आपण पदवी देत नाही. कायद्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला मात्र देतो.

एक उदाहरण जरा सविस्तर मांडते, कारण नेमके काय शिकवायचे राहते ते त्यात दिसते. समजा विद्यार्थ्याचा विषय महाराष्ट्रातल्या दिवाणी दाव्यांमधला विलंब हा आहे. तो दिवाणी प्रक्रिया संहितेचा बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मजकूर, घेतो आणि वाचू लागतो. महाराष्ट्राने आपल्यापुरते या संहितेत कलम ९ए घातले होते. अंतरिम अर्जाच्या सुनावणीत अधिकारक्षेत्राची हरकत निघाली, की तो मुद्दा आधी निकाली काढायचा, अशी ती तरतूद होती. केंद्रीय कायद्याची मूळ कलमे तेवढी वाचणाऱ्याला या कलमाचा पत्ताही लागत नाही. राज्य दुरुस्ती कुठे पाहायची हे ज्याला कुणी दाखवलेले नाही, त्याच्या दृष्टीने ते कलम नव्हतेच.

आता ते त्याला सापडले असे धरू. दावा कायद्याने ठरवलेल्या मुदतीत दाखल झाला का, हा मुद्दाही या कलमाखाली आधी ठरवायचा का, हा पुढचा प्रश्न. २०१५ चा फोरशोअर सोसायटीचा निवाडा मिळतो. सर्वोच्च न्यायालय म्हणते, हो. विद्यार्थी खूश होतो आणि प्रकरण लिहून काढतो. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने कमलाकर साळुंखे यांच्या प्रकरणात उलट दिशेने निकाल दिला होता, हे त्याला दिसत नाही. दोन्ही खंडपीठे दोन न्यायमूर्तींची होती, म्हणून पुढे २०१९ मध्ये नस्ली वाडिया प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी हा वाद मिटवला आणि फोरशोअरचे मत फेटाळले, हेही दिसत नाही. आणि या शेवटच्या निकालाच्या आधी, २०१८ मध्येच, महाराष्ट्राने हे कलम काढून टाकले होते. मग काढून टाकण्याआधीच्या प्रलंबित मुद्द्यांचे काय झाले, हे दुरुस्ती अधिनियमाच्या शेवटच्या कलमांत वाचावे लागते. ती शेवटची कलमे कुणी वाचत नाही.

राज्य दुरुस्ती, नंतरच्या निवाड्यांत झालेला उल्लेख, खंडपीठातील न्यायमूर्तींची संख्या आणि कलम रद्द होण्याची तारीख, एवढे तपासायला सवय असलेल्या माणसाला अर्धा तास पुरतो. सवय नसलेला विद्यार्थी दोन वर्षे रद्द झालेल्या कायद्यावर डेझर्टेशन लिहितो, आणि मार्गदर्शक प्राध्यापकानेही तपासले नाही तर ते मंजूर होते. पुढे हाच विद्यार्थी नेट किंवा सेट देऊन आपल्याकडे शिकवायला येतो.

वाचायचे कसे, याबद्दल मला आणखी तीव्रतेने वाटते. निवाड्याच्या वर छापलेली हेडनोट, म्हणजे सारांश, संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नव्हे. तरी डेझर्टेशनच्या तळटिपांमागे बहुतेकदा हेडनोटच असते. निवाडा मुळापासून, वाक्य न वाक्य वाचला तर काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार होती. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता, आता गडचिरोलीत आहे. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. त्या मुलीच्या नावावरून आपण त्याला मथुरा प्रकरण म्हणून ओळखतो. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. धागमवार पुणे विद्यापीठात शिकवत होत्या. त्या पत्राची ताकद वाचनात होती. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती, या तर्काला त्यांनी निवाड्यातल्याच मजकुरावर बोट ठेवून आव्हान दिले. भीतीने गप्प राहणे आणि संमती देणे यातला फरक कायद्याच्या भाषेत मांडून दाखवला. १९८० मध्ये विधी आयोगाचा ८४ वा अहवाल आला. १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि पुरावा कायद्यात कलम ११४ए आले. त्याअन्वये, पोलीस कोठडीसारख्या ठिकाणच्या बलात्काराच्या खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरायचे.

माझी पहिली सूचना याच साखळीवरून सुचली. एलएल.एम.च्या पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला असे एक कलम द्यावे आणि त्याचा माग मूळ कागदांवरून काढायला सांगावे. ११४ए चेच घ्या. निवाडा १५ सप्टेंबर १९७८ चा आहे, पण ए.आय.आर. (ऑल इंडिया रिपोर्टर) या निवाडे छापणाऱ्या मालिकेत तो १९७९ च्या खंडात १८५ व्या पानावर आहे. सायटेशनमधले (निवाड्याच्या संदर्भ-क्रमांकातले) साल म्हणजे निकालाचे साल नव्हे, हे इथे स्वतः पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही. मग ते खुले पत्र, मग विधी आयोगाचा अहवाल, मग संसदेतली चर्चा, मग राजपत्रातला अधिनियम, मग त्या कलमाचा अर्थ लावणारे नंतरचे निवाडे आणि शेवटी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधले कलम १२०, जे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. प्रत्येक टप्प्यावर काय शोधले, कुठे शोधले, काय मिळाले, काय मिळाले नाही, हे नोंदवहीत लिहायचे. मार्क नोंदवहीला द्यावेत. न सापडलेल्या गोष्टींची नीट नोंद ठेवणाऱ्यालाही मार्क मिळावेत, कारण संशोधनातला बराचसा वेळ त्यातच जातो.

नवे फौजदारी कायदे आल्यापासून हे काम आणखी निकडीचे झाले आहे. दीडशेहून अधिक वर्षांचे निवाडे दंड संहितेच्या जुन्या कलम क्रमांकांवर उभे आहेत. जुने कलम नव्या संहितेत कुठे गेले, जसेच्या तसे गेले की शब्द बदलून गेले, आणि बदलले असेल तर जुना निवाडा कितपत उपयोगी, हे प्रत्येक वेळी हाताने ताडून पाहावे लागते. तुलनात्मक तक्ते बाजारात मिळतात. त्यांत क्रमांकासमोर क्रमांक असतो, शब्दांतला बदल नसतो.

आता नॉन-डॉक्ट्रिनल संशोधनाकडे येते. इथली परिस्थिती पाहून मला खरोखर वाईट वाटते. गूगल फॉर्म तयार होतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जातो, मित्रमैत्रिणी आणि नातेवाईक तो भरतात. "तुम्हाला कायद्याची माहिती आहे का?" याला हो किंवा नाही. त्याचे रंगीत पाय चार्ट निघतात आणि शेवटच्या प्रकरणात हायपोथेसिस सिद्ध होते. हे ज्यांनी भरले त्यांचा त्या कायद्याशी कधी संबंध आला होता का, हे व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) क्वचितच कुणी विचारते.

आपल्या हाताशी किती अस्सल सामग्री आहे! चेक बाऊन्सचा, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ चा विषय घ्या. तक्रार दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवण्याचा प्रयत्न करावा, असे कलम १४३ सांगते. विद्यार्थ्याने आपल्या तालुक्याचे एक न्यायालय निवडावे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्या न्यायालयातली १३८ ची प्रकरणे कायद्यानुसार शोधता येतात. एका वर्षात दाखल झालेली प्रकरणे घ्यावीत आणि प्रत्येकाचा इतिहास उघडून तारखा लिहाव्यात: दाखल कधी, समन्स कधी निघाले, आरोपी पहिल्यांदा हजर कधी झाला, किती तारखा पडल्या, त्यातल्या किती कुणाच्या अर्जावरून. २०१८ मध्ये आलेल्या १४३ए खाली चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देता येते. ती कुणी मागितली का, मिळाली का, तेही पाहावे. खर्च शून्य, हवी ती फक्त चिकाटी. असे काम राज्यातल्या पन्नास तालुक्यांतून झाले तर विधी आयोगालाही हवीहवीशी वाटेल अशी माहिती जमेल.

यात मराठीचाही प्रश्न येतो. तालुका न्यायालयांतले रोजनामे, जबाब, पंचनामे आणि कितीतरी निकालपत्रे मराठीत असतात. जमिनीच्या वादात तर सातबारा, फेरफार आणि तलाठ्याचा अहवाल वाचता आल्याशिवाय काहीच कळत नाही. इंग्रजी निवाड्यांवर पोसलेले डेझर्टेशन मात्र या कागदांना स्रोत मानायलाच तयार नसते. मराठी कागदाची तळटीप कशी द्यायची, याचे एकसारखे नियम आपल्या विद्यापीठांनी घालून दिले तर विद्यार्थी तिकडे वळतील. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून निवाड्यांना न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कुठल्याही प्रकाशकाशी न बांधलेला स्वतःचा क्रमांक, द्यायला सुरुवात केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या अशा क्रमांकात तर निवाडा मूळ शाखेचा की अपील शाखेचा, नागपूरचा, औरंगाबादचा की गोव्याचा, हेही दिसते. इतकी नीट व्यवस्था वरच्या न्यायालयांनी केली आहे. वडूज किंवा दर्यापूरच्या दिवाणी न्यायालयाचा मराठी निकाल कसा उद्धृत करायचा, हे आपण ठरवायचे आहे.

साहित्यचोरीच्या नियमांनी एक नवेच दुखणे आणले आहे. यूजीसीचे २०१८ चे विनियम योग्य हेतूने आले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे वाढत्या पायऱ्या आहेत, आणि अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर त्यात मोजायचा नाही, असेही त्यांत आहे. पण विद्यार्थ्याच्या कानावर पोहोचतो तो फक्त आकडा. मग तो आकडा खाली आणण्यासाठी सॉफ्टवेअर वापरून वाक्ये फिरवली जातात. कायद्याच्या लेखनात हे घातक आहे. वरच्याच १४३ए चे पाहा. न्यायालय अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकते, असे ते कलम म्हणते. हा आदेश देणे बंधनकारक नाही, न्यायालयाच्या विवेकावर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. साम्य कमी करण्याच्या नादात कलमाचे वाक्य फिरवताना "देऊ शकते" चे "देईल" झाले, तर विद्यार्थ्याने नवाच कायदा लिहिला असे होते. कलम जसेच्या तसे, अवतरणात द्यायचे असते. हे सांगायला पाच मिनिटे लागतात, पण ती पाच मिनिटे कुठल्याच तासिकेत नाहीत.

एआयची साधने आली आहेत आणि विद्यार्थी ती वापरणारच. बंदी घालून काही साधणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर विभागाचा एक निर्धारण आदेश रद्द केला. त्यात आधारासाठी दिलेले तीन निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशात हे होऊ शकते, तर एलएल.एम.च्या विद्यार्थ्याला दोष कुठल्या तोंडाने द्यायचा? ज्याने नोंदवहीचे काम केले आहे, तो कुठलेही सायटेशन आले की आधी ई-एससीआर या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाडासंग्रहात किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर उघडून पाहील. हा हात बसवणे आपल्या हाती आहे, म्हणून व्हायव्हात प्रत्येकाला त्याच्याच तळटिपांतले पाच निवाडे तिथल्या तिथे उघडून दाखवायला सांगावेत आणि नेमका कुठला परिच्छेद वापरला हे विचारावे. दहा मिनिटांत सगळे कळते. विकतची डेझर्टेशन मिळतात हे आपण सगळेच जाणतो. त्यावरही एवढा उपाय पुरेल.

साधनांबद्दल बोलायचे तर सशुल्क डेटाबेस मोठ्या शहरांतल्या महाविद्यालयांना परवडतात, आणि तिथेही बहुधा कॅम्पसमध्येच चालतात. संध्याकाळी कोर्टातून सुटलेल्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग नाही. विद्यापीठाने सर्व संलग्न महाविद्यालयांसाठी एकत्र वर्गणी भरून घरून लॉगिन करण्याची सोय घ्यावी, ही मागणी ग्रंथपाल बऱ्याच काळापासून करत आहेत. ती मान्य होईपर्यंतही थांबण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे २०२३ पासून ई-एससीआरवर मोफत आहेत. इंडियन कानून, इंडिया कोड, ई-राजपत्र, विधी आयोगाचे अहवाल, संविधान सभेतील चर्चा, शोधगंगेवरचे पीएच.डी. प्रबंध, हे सगळे खुले आहे. बार्शी किंवा खामगावच्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवरही ते उघडते. कुठल्या कामाला कुठली जागा, आणि कुठल्या जागेवर किती विश्वास ठेवायचा, हे शिकवणारे माणूस हवे.

हे माणूस महाविद्यालयात आहे, तिला किंवा त्याला वेळापत्रकात तास नाही. ग्रंथपालाने पहिल्या आठवड्यात लायब्ररी दाखवायची, पुढे पुस्तके द्यायची-घ्यायची, अशी समजूत रूढ आहे. रिसर्च मेथडॉलॉजीच्या प्रॅक्टिकलचे तास विषयशिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मिळून घ्यावेत, आणि नोंदवहीवर दोघांची सही असावी, असे अभ्यासक्रमातच लिहावे. अभ्यासक्रमात लिहिले नाही तर प्राचार्यांची इच्छा असूनही ते होत नाही, हा माझा अनुभव आहे.

परीक्षा विभागाला लेखी पेपर हवा असतो, याची मला कल्पना आहे. लेखी पेपर ठेवा. निम्मे मार्क नोंदवहीला द्या आणि उरलेल्या निम्म्यांत व्याख्या न विचारता एक अनोळखी निवाडा छापून द्या. हेडनोट काढून टाकलेली असावी. यातला निर्णायक मुद्दा कुठला, ओघात आलेले मत कुठले, कुठल्या आधीच्या निवाड्याला न्यायालयाने बगल दिली आणि कशी, एवढे विचारा. तपासणाऱ्याला जड जाईल हे मान्य आहे, पण पाठांतर करून आलेला आणि वाचायला शिकलेला विद्यार्थी त्यात लगेच वेगळे दिसतील.

आणखी एक, मार्गदर्शक प्राध्यापकाच्या वाट्याला किती विद्यार्थी द्यायचे याला मर्यादा हवी, आणि सिनॉप्सिस (विषयाचा आराखडा) मंजूर झाल्यावर थेट बायंडिंग केलेली प्रत हातात येण्याची पद्धत थांबायला हवी. मध्ये किमान एक प्रकरण आणि नोंदवही पाहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये.

पुढचा अभ्यासक्रम ठरवताना हा विषय आपल्या मंडळाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती करते. नोंदवहीचा मराठी आणि इंग्रजी नमुना, पहिल्या सत्रासाठी माग काढण्याजोग्या कलमांची यादी आणि मराठी न्यायालयीन कागदांसाठी तळटिपांचे नमुने माझ्याकडे तयार आहेत. मंडळाने सांगितले तर ते पाठवीन, आणि बैठकीला बोलावले तर समक्ष येऊन दाखवीन.

आपली विश्वासू,
एका विधी महाविद्यालयाची ग्रंथपाल